वाकड्या मानेची चितरी

पूर्वी कुंडिवर्धन नगरात विजितसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराच्या दक्षिण वेशीबाहेर, बुरुडांच्या वस्तीत जन्माला आला होता. त्याचे नाव वेणुक. सुपे, रोवळ्या, डाली विणून तो पोट भरी. हाताने चपळ, पण बोलण्यात फार सावकाश. कोणी काही विचारले तर आधी हातातली बांबूची कामटी सोलून संपवी आणि मग म्हणे, "पाहतो." त्याच्या बायकोचे नाव तिलका. ती पाहत बसणाऱ्यांतली नव्हती. दारात तिने एक पांढरा कोंबडा आणि बऱ्याच कोंबड्या बाळगल्या होत्या. ओल्या दिवसांत टोपल्यांना गिऱ्हाईक नसे, तेव्हा घर त्या अंड्यांवर आणि पिलांवर चाले.

पावसाळा सरत आला असता एके सकाळी तिलकेने खुराडे उघडले. सगळ्या कोंबड्या बाहेर आल्या, ठिपक्यांची चितरी मात्र शेवटी आली आणि तीही मागे मागे सरकत. तिची मान पिळवटल्यासारखी वळून चोच आभाळाकडे झाली होती. ती दोन पावले चालली, स्वतःभोवती फिरली आणि आडवी झाली. बाकीच्या कोंबड्या जरा वेळ तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग पांढऱ्या कोंबड्याने तिच्या तुऱ्यावर चोच मारली, आणि त्याचे पाहून सगळ्याच टोचू लागल्या.

तिलकेने त्यांना हाकलले आणि नवऱ्याला हाक मारली. "हा मान मोडायचा रोग," ती म्हणाली. "माझ्या माहेरी एका पावसाळ्यात यानेच सगळी खुराडी रिकामी केली होती. हिला कापा आणि लांब नेऊन पुरा. हिच्यापायी बाकीच्या नको जायला."

वेणुक कोयता आणि कोंबडी घेऊन बांबूच्या बेटामागे गेला. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा एका हातात कोयता होता आणि दुसऱ्या हातात कोंबडी जिवंत होती.

"काय झाले?" तिलकेने विचारले.

"पाहतो," तो म्हणाला.

"आता काय पाहायचे राहिले?"

"तेच सांगता येत नाही. तिने माझ्याकडे पाहिले."

"मान वाकडी झालेली कोंबडी सगळीकडेच पाहते."

 तिलका निर्दय नव्हती आणि तिचे म्हणणे खोटेही नव्हते. एका जिवासाठी बाकीच्यांचा जीव धोक्यात घालायचा, याला दया म्हणावे की हट्ट, हे त्याला ठरवता येईना. कोयता चालवता आला नाही एवढेच त्याला ठाऊक होते. शेवटी त्याने खुराड्यापासून दूर, बांबू रचून ठेवायच्या छपरात एक डाल उपडी घातली आणि चितरीला तिच्याखाली ठेवले. तिच्याकडे जाऊन आला की तो राखेने हात घासून धुई, आणि खुराड्याच्या बाजूला स्वतः अजिबात फिरकत नसे.

चितरीची शुश्रूषा सोपी नव्हती. दाणा दिसला की ती चोच मारी, पण मान वाकडी असल्यामुळे चोच भलत्याच जागी पडे. दाणा समोर असून ती उपाशी राही. वेणुक तिला मांडीवर घेई, एका हाताने मान हळूच सरळ धरी आणि दुसऱ्या हाताने तांदळाची पातळ पेज थेंबाथेंबाने तिच्या चोचीत सोडी. पेजेत कधी हळद घाली, कधी लसूण ठेचून घाली. यातले काय लागू पडते हे त्याला माहीत नव्हते. कधी ती सगळी पेज बाहेर टाकी आणि पंख पसरून धापा टाकत पडे. अशा वेळी त्याला वाटे, आपण हिचा जीव वाचवत नाही, हिचे मरण लांबवतो आहोत. मग तो कोयत्याकडे पाही. तेवढ्यात चितरी धापा टाकायची थांबे आणि डोळा उघडी, की त्याचा विचार पुन्हा मोडे.

असे बरेच दिवस गेले. खुराड्यातली एकही कोंबडी आजारी पडली नाही, तेव्हा तिलकेचा राग निवला. एके दुपारी वेणुक सूप विणत बसला असताना त्याच्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी टोचले. पाहतो तर चितरी. अंगठ्यावर चिकटलेली तांदळाची कणी तिने पहिल्याच प्रयत्नात नेमकी उचलली होती.

"बरी झाली," तिलका म्हणाली. "आता तिला तिच्या घरी सोडा."

वेणुकाने तिला नेऊन कोंबड्यांत सोडले. परंतु इतके दिवस दूर राहिलेली चितरी आता त्यांना आपली वाटेना. कोंबड्याने तिला उडवून पाडले, बाकीच्यांनी घेरले, आणि वेणुक धावत पोचेपर्यंत तिच्या तुऱ्यातून रक्त वाहू लागले होते. भीतीने तिची मान पुन्हा पिळवटली. त्याने तिला उचलून छपरात आणले. आता तर तो पुरताच गोंधळला. ज्यांच्यात परत जावे म्हणून तिला वाचवले, तेच तिला मारायला उठले होते. शिवाय माणसाच्या मांडीवर बसायला शिकवून तिला कोंबड्यांना परकी कोणी केले, असा प्रश्नही त्याच्या मनात आला, आणि तो त्याला आवडला नाही.

तेव्हापासून चितरी छपरातच राहू लागली. वेणुक काम करी तेव्हा ती उघड्या टोपलीत त्याच्या शेजारी बसे.

त्या सुमारास नंदक नावाचा सार्थवाह तांड्यासाठी डाली घ्यायला आला. उत्तरेकडे माल न्यायचा होता, पण डोंगरातून जावे की नदीकाठाने, हे त्याचे ठरत नव्हते. तो आपल्या माणसांशी वाद घालत असताना एक बैल हंबरला. चितरी दचकली, तिची मान वळली आणि चोच डोंगराकडे झाली. नंदक हसला. "हिचे मत डोंगराचे आहे," असे म्हणून तो डोंगराच्या वाटेने गेला. नदीकाठाने गेलेल्या दुसऱ्या तांड्याला लुटारूंनी गाठून नागवले. नंदक सुखरूप परतला तेव्हा त्याचे हसू मावळले होते. त्याने वेणुकाच्या दारात तांदळाची पोती उतरवली, चितरीपुढे हात जोडले आणि ही गोष्ट बाजारात सांगितली.

मग लोक येऊ लागले. कोणी लग्न जुळवावे की नाही हे विचारी, कोणी विहीर कुठे खणावी हे विचारी. गर्दी पाहून चितरी दचके, तिची मान वळे, आणि जिकडे चोच जाई तिकडे लोक आपले उत्तर शोधत. जाताना धान्य, कापड, गूळ ठेवून जात. तिलकेने गळणारे छप्पर नव्याने शाकारून घेतले. त्या वर्षी प्रथमच तिने पोटभर जेवून उरलेले अन्न शेजारी वाटले.

वेणुक प्रत्येकाला सांगे, "ही कोंबडी आहे. हिला आजार झाला होता. हिला काही कळत नाही." लोकांना तो त्याचा विनय वाटे आणि त्यांची श्रद्धा आणखी वाढे. पुढे पुढे त्याची स्वतःचीही खात्री डळमळू लागली. विहिरीला पाणी लागत होते, हरवलेली गुरे सापडत होती. जे चुकत होते ते लोक सांगायला येत नव्हते, हे त्याच्या ध्यानात आले नाही. आपणच आंधळे असू, असे त्याला अधूनमधून वाटू लागले.

एकदा नगरातली एक म्हातारी आली. तिचा धाकटा मुलगा खलाशी होता आणि फार वर्षांपूर्वी समुद्रावर गेला होता. तो जिवंत असेल तर कोंबडीने आपल्याकडे पाहावे, एवढेच तिने मागितले. कोणीतरी खोकले, चितरीची मान वळली आणि चोच म्हातारीकडे झाली. म्हातारी रडली, तिने आपल्या हातातले कडे काढून ठेवले आणि हलक्या पावलांनी घरी गेली. वेणुकाने ते कडे परत द्यायला काही दिवसांनी तिचे घर गाठले. म्हातारी चुलीपुढे बसली होती. तिने दोन पाने वाढली होती.

"कोणी पाहुणे आहेत का, आई?" त्याने विचारले.

"पाहुणा कसला? माझा मुलगा," ती म्हणाली. "रोज वाढते. आला आणि पान नसले तर काय म्हणेल?"

सुनांना, नातेवाइकांना तिने घराबाहेर काढले होते, कारण ते तिला समजवायला येत. वाढलेले दुसरे पान ती संध्याकाळी गाईला घाली. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा वेणुकाने क्वचितच पाहिला होता. कडे उंबरठ्यावर ठेवून तो परतला. तिचे भले झाले की वाईट, याचा त्याला वाटभर उलगडा होईना.

त्या दुपारी गर्दी नव्हती. खुराड्याच्या बाजूने कोंबड्यांच्या मातीत उकरण्याचा आणि एकमेकींशी कुरकुरण्याचा आवाज येत होता. चितरी छपराच्या कडेला जाऊन ऐकत उभी होती. वेणुकाने पाहिले, तिची मान जवळजवळ सरळ होती. तेवढ्यात वाटेवर माणसांचे आवाज आले आणि मान पुन्हा पिळवटली. माणसे निघून गेली, मान हळूहळू सैल झाली.

वेणुक हातातले काम टाकून तिच्याकडे पाहत राहिला. ज्याला लोक शकुन म्हणत होते, ती तिची भीती होती. सगळे नगर रोज तिला घाबरवायला येत होते आणि त्या बदल्यात तांदूळ ठेवून जात होते. तिने पुरते बरे व्हावे असे कोणालाच वाटत नव्हते. आपल्याला तरी वाटते का, असे त्याने स्वतःला विचारले. उत्तर लगेच आले नाही, आणि ते लगेच आले नाही म्हणून त्याला वाईट वाटले.

दुसऱ्या दिवसापासून त्याने कामट्यांची एक विरळ ताटी विणायला घेतली. कोंबडीला पलीकडचे दिसावे, पण पलीकडच्या चोचीला नीट पोचता येऊ नये, अशी ती होती. कोंबड्यांच्या अंगणात त्याने ती उभी केली. गर्दी ओसरली की तो चितरीला ताटीच्या अलीकडे सोडी आणि दोन्ही बाजूंना सारखे दाणे टाकी. सुरुवातीला कोंबडा ताटीवर धावून येई. पुढे येईनासा झाला. कोंबड्या ताटीला लागून दाणे टिपू लागल्या, अलीकडून चितरीही.

तिलका हे पाहत होती. "ती त्यांच्यात मिसळली तर लोक कशाला येतील?" ती म्हणाली.

"येणार नाहीत."

"आणि आपण खायचे काय?"

"पूर्वी खात होतो ते."

"ते किती होते ते तुम्हाला आठवत नाही," तिलका म्हणाली. "कारण मी तुम्हाला आधी वाढत होते."

वेणुकाने मान खाली घातली. हे त्याला खरोखरच माहीत नव्हते.

असे चालले असताना राजवाड्यातून एक सेवक आला. शेजारच्या, पूर्वेकडील शिबिर देशाचा राजा सीमेवर सैन्य जमवतो आहे, अशी वार्ता होती. विजितसेन राजाने चढाई करावी की थांबावे, यावर दरबारात एकमत होत नव्हते. उद्या सकाळी महाराज स्वतः कोंबडीचा कौल घ्यायला येणार आहेत, चोच पूर्वेला वळली तर त्याच दिवशी सैन्य निघेल, असे सांगून सेवक गेला. बुरुडांच्या वस्तीतले तरुणही सैन्यात होते. त्यांच्या घरची माणसे दारात येऊन उभी राहिली.

तिलका म्हणाली, "उद्याचा दिवस जाऊ द्या. मग तिला हवी तिथे सोडा. राजाला नाही म्हणणाऱ्याचे डोके धडावर राहत नाही."

वेणुक नेहमीप्रमाणे "पाहतो" म्हणाला नाही. दिवस मावळायला अजून अवकाश होता. तो अंगणात गेला आणि त्याने ताटी उपटून बाजूला केली.

कोंबडा पुढे आला. त्याने चितरीला एकदा टोचले, दुसऱ्यांदा टोचले. ती अंग चोरून बसली. एका काळ्या कोंबडीने तिच्या पाठीवरचे पीस उपटले. वेणुकाचे हात पुढे झाले, पण त्याने ते मागे घेतले, आणि त्या वेळी त्याला ते सर्वांत जड गेले. मग त्याने दाणे टाकले. सगळ्या तिकडे धावल्या. चितरी जागीच बसून राहिली, मग उठली आणि कडेकडेने टिपू लागली. तिला कोणी हाकलले नाही. खुराड्यात शिरायची वेळ झाली तेव्हा ती सगळ्यांच्या मागून आत गेली. तिने वळून वेणुकाकडे पाहिले नाही. त्याला बरे वाटले आणि रितेही वाटले. या दोन्हींतले खरे कोणते, हे त्याला कळले नाही.

सकाळी राजा हत्तीवरून आला. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"यातली कौल देणारी कोणती?" राजाने विचारले.

"ती कडेची, महाराज," वेणुक हात जोडून म्हणाला. "पण ती आता कौल देत नाही. काल तिला तिच्या कळपात सोडली."

"मी येणार हे तुला माहीत होते?"

"होते, महाराज."

"तरी सोडलीस?"

"तिची मान भीतीने वळते, महाराज. ती त्यांच्यात राहिली तर भीती जाईल असे वाटले. नक्की सांगता येत नाही."

सैनिकांनी तलवारींच्या मुठींना हात घातले. राजाने त्यांना हाताने थांबवले. मग त्याने कोंबडी आणायला सांगितले. वेणुकाने चितरीला उचलून आणले. ती त्याच्या हातात निवांत बसली आणि तिची मान सरळ राहिली. सगळे वाट पाहत होते. इतक्यात राजाच्या हत्तीने सोंड उंचावून चीत्कार केला. चितरीने अंग आखडले, मान पिळवटली आणि चोच पूर्वेला वळली.

"पूर्व," सेनापती म्हणाला, आणि तो शब्द मागच्या मागे पसरत गेला.

राजा मात्र कोंबडीकडे पाहत नव्हता. तो हत्तीकडे पाहत होता. हत्ती पश्चिमेला उभा होता. राजाने माहुताला हत्ती फिरवून पूर्वेच्या बाजूला नेण्याची आज्ञा केली आणि अंकुश टोचायला लावला. हत्ती पुन्हा चीत्कारला. या वेळी चितरीची चोच पश्चिमेला वळली.

राजा हत्तीवरून उतरला आणि वेणुकाच्या बांबूंच्या राशीवर येऊन बसला. जवळून पाहता त्याचे डोळे खोल गेले होते.

"ती आवाजापासून तोंड फिरवते," तो म्हणाला.

"हो, महाराज."

"मलाही भीती वाटते. शिबिरचा राजा आधी येईल याची वाटते, आणि आपण आधी गेलो तर काय होईल याचीही वाटते. दरबारात हे बोलता येत नाही. म्हटले, कोणीतरी सांगेल." मग त्याने विचारले, "मी काय करावे?"

"मला ठाऊक नाही, महाराज," वेणुक म्हणाला. "इतकेच कळते की भ्यालेल्या जिवाकडून कौल घेऊ नये. मग तो जीव कोंबडीचा असो की आपला स्वतःचा."

राजाने त्या दिवशी सैन्य हलवले नाही. त्याने शिबिरच्या राजाकडे दूत पाठवला. तिकडे तोही विजितसेनाच्या भीतीनेच सैन्य गोळा करीत होता. बोलणी लांबली, मध्ये दोनदा तुटली, पण शेवटी दोन्ही सैन्ये मागे फिरली. वेणुकाला शिक्षा झाली नाही आणि बक्षीसही मिळाले नाही. लोक यायचे बंद झाले. ज्यांच्या घरची लग्ने बिघडली होती ते वाटेत भेटले की त्याला शिव्या देत. तिलका कित्येक दिवस त्याच्याशी कामापुरतेच बोलली. पण पुढच्या पावसाळ्यात ती त्याच्या बरोबरीने जेवायला बसली, आणि होते ते दोघांनी सारखे वाटून घेतले.

म्हातारीकडे मात्र तो स्वतःहून गेला. "आई," तो म्हणाला, "कोंबडीला काही माहीत नव्हते. कोणी खोकले म्हणून तिची मान वळली."

म्हातारीने विचारले, "म्हणजे माझा मुलगा मेला?"

"तेही मला माहीत नाही."

"मग तू सांगायला तरी कशाला आलास?"

 वेणुक उठून गेला नाही, तिथेच बसून राहिला. बऱ्याच वेळाने तिने वाढलेले दुसरे पान त्याच्यापुढे सरकवले आणि म्हणाली, "जेव. निवते आहे." तो जेवला. जाताना तिने त्याला सुनांच्या घरी एक निरोप द्यायला सांगितले. त्यांना वेळ असेल तेव्हा त्यांनी येऊन जावे, एवढाच तो निरोप होता.

ही पूर्वजन्मीची कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धपदाला पोचलेल्या त्याच बोधिसत्त्वाने, विहारात सांगितली तेव्हा भिक्षू कल्याणक नुकताच दीर्घ तापातून उठला होता. त्या तापाने त्याची वाणी तुटक झाली होती, आणि त्याच्या अडखळत्या शब्दांत लोक भविष्य शोधू लागले होते. त्याच्या कुटीपुढे फुलांचे ढीग पडत होते आणि तो एकटाच जेवत होता.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची चितरी म्हणजे आजचा हा कल्याणक. तेव्हाचा राजा विजितसेन म्हणजे त्याच्या कुटीपुढे सर्वांत आधी येऊन बसणारा उपासक सुभग. तिलका म्हणजे भिक्षुणी शीलवती, जी आजही आधी दुसऱ्यांच्या पात्रात वाढते. ती म्हातारी या सभेतच बसली आहे. ती अजून कोणाची तरी वाट पाहते, म्हणून मी तिचे नाव घेत नाही. आणि वेणुक बुरूड मीच होतो. त्या जन्मी मला फार थोडे कळत होते. पण जितके कळले तितके केले. आजारी जिवाला बरे करणे ही अर्धी करुणा. त्याला त्याच्या माणसांत परत जाऊ देणे, आपला लाभ बुडाला तरी जाऊ देणे, ही उरलेली अर्धी."

मग जेवणाची घंटा झाली. भिक्षू ओळीने बसले, आणि मधल्या दोघांनी जरा सरकून कल्याणकाला जागा करून दिली.